लेकरू राहतं तिथला दाखला द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
परभणी.

विषय : आई-वडील वेगळे राहत असलेल्या लहान मुलांच्या रहिवासाच्या पुराव्याबाबत.

महोदय,



हे पत्र एका पानाच्या दाखल्याबद्दल आहे. त्याला निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही, मंत्रालयात फाईल फिरवावी लागत नाही. आपल्या सहीचं एक परिपत्रक पुरेल. तरीही ते खुलं लिहिते आहे, कारण ही अडचण माझ्या एकटीची असती तर मी ती लोकशाही दिनात अर्ज देऊन मांडली असती. आमच्या पंचक्रोशीत माहेरी येऊन राहिलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींच्या काखेला किंवा बोटाला एक लेकरू आहे.

मी पोखर्णीची. परभणी-परळी लोहमार्गावर स्टेशनच्या पाटीवर ‘पोखर्णी नृसिंह’ लिहिलेलं आहे, ते गाव. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेले, आता मुलाला घेऊन आई-वडिलांकडे राहते. मुलाला पाचवं वर्ष चालू आहे. दावा कोर्टात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. सरकारी कागदाच्या हिशेबात मी कुठेच बसत नाही. विधवेकडे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असतो. घटस्फोटितेकडे हुकूमनाम्याची नक्कल असते. माझ्याकडे पुढची तारीख असते.

तारीख पडत राहते आणि लेकरू वाढत राहतं. अडचण तिथून सुरू होते.

माझं आधार सासरच्या पत्त्यावर. मुलाचं निळं बाल आधार काढलं तेव्हा वडिलांचं आधार जोडलं होतं, त्यामुळे तोही तिकडचा. रेशनकार्डावर आम्ही दोघंही तिकडचे. इथल्या घराचं वीजबिल माझ्या वडिलांच्या नावावर, ग्रामपंचायतीचा नमुना ८ वडिलांच्या नावावर, भाडेकरार असण्याचा प्रश्नच नाही. बापाच्या घरात लेक भाडं भरून राहत नसते. मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘आई-वडिलांचा कायमचा पत्ता’ असा एक रकाना आहे आणि त्यात सासरचं गाव आहे. बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, म्हणून जन्माची नोंद इकडची. पण खिडकीवरचा माणूस तो ‘कायमचा’ शब्द बोटाने दाखवतो आणि म्हणतो, ताई, लेकराचा पत्ता तर हा आहे.

माहेरच्या रेशनकार्डात नाव घालायचं तर आधी सासरच्या कार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला लागतो. तो आणायचा तर तिकडच्या कार्डाची कुटुंबप्रमुख राजी हवी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली वयाने मोठी बाई कुटुंबप्रमुख केली, चांगलंच केलं. आमच्या कार्डावर ती मोठी बाई म्हणजे माझ्या सासूबाई. ज्या घरातून मी नेसत्या साडीनिशी निघाले, त्या घराच्या कुटुंबप्रमुखाकडे मी माझं आणि लेकराचं नाव कमी करून मागायचं, आणि त्यांनी ते कोर्टात दावा चालू असताना द्यायचं! तोवर कायद्याने दर माणशी मिळणारं पाच किलो धान्य लेकराच्या नावावर तिकडे येतं, आणि लेकरू जेवतं इकडे.

आधारच्या बाबतीत नियम इतका वाईट नाही, हे मला उशिराने कळलं. ज्यांना अजून कळलं नसेल त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते. पत्ता बदलायला आधार प्राधिकरणाचा एक ठरावीक नमुना आहे. त्यावर फोटो लावायचा आणि राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार किंवा खेड्यात सरपंच वा ग्रामपंचायतीच्या सचिवाची सही-शिक्का घ्यायचा. तारखेपासून तीन महिने तो चालतो. आईचा पत्ता एकदा बदलला की मुलाचा तिच्या आधारावरून बदलता येतो, नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला लावून. २०२३ च्या जानेवारीपासून ही कुटुंबप्रमुखाच्या आधाराची सोय ऑनलाइनही झाली. तिथे कुटुंबप्रमुख म्हणजे अठरा वर्षांवरचं कुणीही, मग आई का नाही? दिल्लीत बसून हा नियम ज्याने केला त्याच्या डोक्यात बापच असायला हवा, असं काही दिसत नाही. म्हणजे वाट आहे. ती ज्या सहीपाशी अडते, त्या सहीबद्दल हे पत्र.

एका गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात ऐकलेलं बोलणं सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते बोलणारे गृहस्थ मनाने वाईट नाहीत. त्यांनी आधी पाणी दिलं. मग अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, “ताई, तू लहानाची मोठी आमच्यासमोर झालीस. तू इथं राहतीस हे मला काय दिसत नाही? पण मी लिहून दिलं आणि उद्या त्यांच्या वकिलानं मलाच साक्षीला ओढलं तर? तुझा निकाल लागू दे, त्याच दिवशी देतो.”

हे बोलणं मी अनेक दिवस मनात घोळवलं. त्यात कायद्याचं अज्ञान आहे, पण खोटेपणा नाही. त्यांना वाटतं, लेकरू इथं राहतं असं लिहून देणं म्हणजे लेकराचा ताबा आईचा असं लिहून देणं. ही भीती आपल्या जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक सही करणाऱ्या माणसाला आहे. आधार केंद्रावरच्या पोराला ती आहे, सेतू केंद्रातल्या बाईला आहे, शाळेच्या मुख्याध्यापकांना आहे. एकानेही कधी ‘नियम नाही’ असं म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात, ‘लफडं नको.’

गंमत अशी की लेकराच्या या पत्त्याबद्दल ज्यांचं माझ्याशी भांडण आहे, त्यांनाही शंका नाही. ‘नांदायला या’ अशी जी नोटीस त्यांच्या वकिलाने धाडली, तिच्यावर माझं नाव, खाली ‘मु. पो. पोखर्णी (नृ.), ता. जि. परभणी’ असं ठळक टाईप केलेलं आहे. आत लिहिलंय की मी मुलाला घेऊन सदर ठिकाणी माहेरी राहत आहे. पोस्टमनने ती बरोबर आमच्या ओसरीवर आणून दिली, सही घेतली आणि लेकराच्या हातात पेनाचं टोपण देऊन त्याला जरा वेळ खेळवलंसुद्धा. वादी म्हणतो लेकरू इथं आहे, प्रतिवादी म्हणते इथं आहे, आणि कोर्टाचा बेलिफही समन्स घेऊन इथंच येतो. ज्या एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचं एकमत आहे, तिलाच पुरावा मिळत नाही.

आणि सरकारला तरी कुठे ठाऊक नाही? अंगणवाडीताई दर महिन्याला माझ्या मुलाला वजनकाट्यावर उभं करतात, उंची मोजतात आणि मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरतात. एका महिन्यात त्याचं वजन भरलं नाही, तर त्या दुसऱ्या दिवशी घरी आल्या. आशाताईंकडच्या लसीकरणाच्या यादीत तो आहे. पल्स पोलिओच्या वेळी माणसं डबा घेऊन येतात, लेकराच्या करंगळीच्या नखाला शाई लावतात आणि जाताना दाराच्या चौकटीशेजारी खडूने खूण करून तारीख घालतात. आमच्या भिंतीवर मागची खूण अजून पुसट दिसते. आई ती सारवताना मुद्दाम सोडते, का ते तिलाच माहीत. एका दारावर एक सरकार लिहून जातं की इथं पाच वर्षांखालचं मूल आहे, आणि दुसरं सरकार विचारतं की कशावरून?

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण कोर्टाच्या आवारात बसून माणूस बरंच शिकतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या सहाव्या कलमात बापाला पहिला नैसर्गिक पालक म्हटलं आहे, पण त्याच कलमात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असंही म्हटलं आहे. त्याहून जुना, इंग्रजांच्या काळातला पालक व पाल्य कायदा, १८९० चा. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज कोणत्या कोर्टात करायचा, तर मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या, असं त्याचं नववं कलम सांगतं. बाप कुठला, हे तिथे विचारलेलं नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या साहेबाला जे समजलं, ते समजायला आपल्या खिडक्यांना अजून किती वेळ लागणार?

गीता हरिहरन यांचा खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. त्यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले आणि पालक म्हणून स्वतः सही केली. नवरा-बायकोत भांडण नव्हतं, उलट नवऱ्याची संमती होती. तरी बँक म्हणाली, बापाची सही आणा. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निकाल दिला की आईही नैसर्गिक पालक म्हणून सही करू शकते. बाप मरेपर्यंत तिने थांबायचं, असा त्या कलमाचा अर्थ नाही. नवरा सोबत उभा असलेल्या बाईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तर नवरा समोरच्या बाकावर बसलेल्या बाईचं काय होत असेल याची कल्पना करावी.

आमच्या गावच्या देवाची कथाही मला हल्ली वेगळी ऐकू येते. वैशाखात नृसिंह जयंतीला कीर्तनकार खांबापाशी येऊन थांबतात, पण त्याआधीची कथा भागवतात आहे. हिरण्यकश्यपू तपाला गेला असताना गरोदर कयाधूला नारदाने आपल्या आश्रमात ठेवून घेतलं, आणि प्रल्हादाला पहिले संस्कार तिथे, आईच्या पोटात झाले. त्या आश्रमात कुणी कयाधूकडे हिरण्यकश्यपूचं रेशनकार्ड मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

असो. ही मागणी नवी आहे असं समजू नये. टाकलेल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्राने चाळीसेक वर्षांपूर्वीच रस्त्यावर आणला. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांसाठी स्वतंत्र रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली. संगमनेरला समता आंदोलनाने, निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथींनी परित्यक्तांची परिषद भरवली. त्या बायकांनी भाषणात काय काय मागितलं असेल, पण कागदावर मागितलं ते रेशनकार्ड. बाईला स्वतःचा पत्ता नसला की तिचं काय होतं, हे त्या ओळखून होत्या. पुढे सरकारनेही ‘परित्यक्ता’ हा प्रकार मान्य केला. लाडकी बहीण योजनेच्या २०२४ च्या शासन निर्णयात विवाहित, विधवा, घटस्फोटितांबरोबर परित्यक्ताही आहे. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेली, पोटगी न मिळणारी बाई आहे. मग २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली, तिने पती किंवा वडिलांचं आधार मागितलं, आणि ज्यांना दोन्ही देता येईना त्यांच्यासाठी मागाहून वेगळी वाट काढावी लागली. आधी रकाना करायचा आणि माणूस त्यात मावेना म्हटल्यावर धावपळ करायची, ही आपली रीत.

२०२४ च्या मे महिन्यापासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझा मुलगा त्याआधीचा. तरी मला त्या निर्णयाचा आनंद झाला, लपवत नाही. पण नाव मध्ये आलं तरी पत्ता अजून वडिलांच्याच आडनावाच्या गावी राहतो.

आता शाळेचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश अडत नाही, हे आधीच सांगते. शिक्षण हक्क कायदा वयाच्या पुराव्यासाठीसुद्धा मूल परत पाठवू देत नाही आणि शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरमध्येच सांगितलंय. अडतं ते नंतर. संचमान्यता आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर होते. शाळेला किती शिक्षक मिळायचे ते त्या आकड्यावर ठरतं. म्हणून वर्गात रोज येणारं, डबा खाणारं, कविता म्हणणारं लेकरू पोर्टलवर ‘इनव्हॅलिड’ दिसलं की गुरुजींचा जीव खालीवर होतो आणि ते आईमागे लागतात. गुरुजींची चूक नाही, त्यांची एक पोस्ट जाऊ शकते. माझ्या मुलाला पाच पूर्ण झाले की बोटांचे ठसे आणि बुबुळं द्यावी लागतील. सात वर्षांपर्यंत ते दिलं नाही तर आधार बंद पडू शकतं. त्या रांगेत उभं राहण्याआधी पत्ता इथला व्हावा, एवढीच घाई आहे.

परभणीतल्या खाजगी शाळेत शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांत अर्ज करायचा तर शाळा घरापासून किती अंतरावर, यावर सगळं असतं. पत्ता सासरचा दिसला तर माझं लेकरू नकाशावर भलत्याच गावात उभं राहतं. पण त्या प्रवेशाच्या सूचना मी वाचल्या आणि मला तिथेच एक चांगली गोष्ट सापडली. घटस्फोट न्यायप्रविष्ट असेल तर दावा चालू असल्याचा पुरावा आणि आईचा रहिवासी पुरावा द्यावा, असं त्यात सांगितलं आहे. राज्याच्याच एका खात्याने मान्य केलंय की निकाल लागेपर्यंत मूल आईबरोबर आईच्या पत्त्यावर असू शकतं. मी मागते आहे ते याहून जास्त नाही.

आपण एक नमुना काढावा. त्यावर सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांनी लिहावं की हे मूल आजच्या तारखेला अमुक व्यक्तीसोबत या गावात या घरी राहतं. पुष्टीसाठी अंगणवाडीच्या नोंदवहीचा उतारा, लसीकरण कार्ड, शाळेचं बोनाफाईड किंवा कोर्टाचं समन्स, यांतलं काहीही एक घ्यावं. आणि खाली आपल्या अधिकाराने एक ओळ छापलेली असावी : ‘हा दाखला केवळ सध्याच्या वास्तव्याबाबत असून मुलाचा ताबा, पालकत्व किंवा वैवाहिक वाद यांबाबत कोणताही निष्कर्ष त्यावरून काढू नये.’ ती ओळ माझ्यासाठी नाही. पाणी देऊन अर्ज बाजूला ठेवणाऱ्या त्या गृहस्थांसाठी आहे. एवढं छापलेलं असलं की त्यांचा हात पेनाकडे जाईल, अशी माझी खात्री आहे. हाच दाखला तहसीलच्या पुरवठा शाखेने रेशनकार्डासाठी धरावा, आणि नाव कमी करण्याचा पत्रव्यवहार दोन तहसीलींनी आपसात करावा. एका कचेरीने दुसरीला विचारायचं सोडून दोघींचे कागद मीच का वाहायचे?

यावर दोन हरकती येतील. कुणी म्हणेल, चांगल्या शाळेसाठी लोक खोटे पत्ते करतील. करतात, पण खोटा पत्ता करणारा रीतसर नोंदवलेला भाडेकरार घेऊन येतो. अंगणवाडीत महिन्यामहिन्याचं वजन खोटं उभं करणं त्याला जमत नाही. दुसरी हरकत खरी आहे: एखादी आई किंवा बाप लेकराला पळवून नेईल आणि असा दाखला मिळवून ते कायदेशीर भासवेल. म्हणून दाखला आजच्या राहण्यापुरता असावा, मुदतीचा असावा आणि कोर्टाचा उलट आदेश दाखवला तर रद्द व्हावा. जिथे मारहाणीमुळे बाई निघाली आहे तिथे नवा पत्ता समोरच्याला कळवू नये, हेही परिपत्रकात लिहून ठेवावं. माझ्या बाबतीत तो प्रश्न नाही, नोटीसच इथे येते. पण ज्यांचा आहे त्यांचा फार मोठा आहे.

असं काही करता येतं, हे आपल्या राज्याने दाखवलेलं आहे. गंगाखेड, पाथरी, सोनपेठकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात तेव्हा त्यांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. लेकरू कुठल्याही कारखान्याच्या तळावर गेलं तरी तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचं. कार्ड सगळ्यांना मिळतं का, सगळ्या शाळा मानतात का, हा वेगळा वाद. पण त्यामागचा विचार सरळ आहे: घर हललं तर कागद लेकराच्या मागे जावा.

जातीच्या दाखल्याबद्दल मी इथे मुद्दाम काही लिहीत नाही. वडिलांकडच्या पिढ्यांचे कागद त्यांच्याच पेटीत असताना आईने ते कसे मिळवायचे, याला वेगळं पत्र लागेल आणि ते दुसऱ्या खात्याला लिहावं लागेल.

शेवटी एक विनंती. नमुना काढाल तेव्हा त्यात ‘आई’ असा छापील शब्द घालू नका, ‘सोबत राहणारे पालक’ असं घाला. आमच्याकडच्याच एका गावात एक बाप दोन वर्षांच्या मुलीला एकटा सांभाळतो. बायको निघून गेली, जाताना मुलीचे सगळे कागद घेऊन गेली. मुलगी चुलतीच्या मांडीवर जेवते, रात्री बापाच्या कुशीत झोपते, आणि तिच्या आधारावर आजोळचा पत्ता आहे. तो मला म्हणाला, “ताई, तुमच्या अर्जात माझंही जमतं का बघा.” जमावं, म्हणून लिहिलं.

आपली,
एका मुलाची आई
पोखर्णी (नृसिंह), ता. जि. परभणी